शाळेंत शिकविलेला स्वयंपाक

स्वयंपाक ही शाळेंत जाऊन शिकण्याची विद्या आहे असें म्हटलें, तर आपल्या घरांतून अजून हंसूं येतें. आई शिकविते, सासू सुधारते आणि बाकीचें गरज शिकविते, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. त्यासाठीं बारावीची परीक्षा द्यावयाची, तिच्यावर आणखी एक प्रवेश-परीक्षा द्यावयाची आणि मग तीन वर्षें फी भरून कांदा चिरावयास शिकावयाचें, हा पुष्कळांस पैशाचा आणि वयाचा अपव्यय वाटतो. मलाहि तो तसाच वाटत होता. आणि माझ्या त्या समजुतीपायीं एका मुलाचें एक वर्ष फुकट गेलें. म्हणून या विषयावर बोलण्याचा अधिकार मला नसला, तरी बोलण्याचें कारण आहे.

हा मुलगा माझ्या वर्गांत होता. गणितांत कच्चा. त्रैराशिक मांडतांना कोणती राशि वर आणि कोणती खालीं, हा त्याचा गोंधळ मला शेवटपर्यंत सोडवितां आला नाहीं. बारावी झाल्यावर त्यानें घरीं सांगितलें कीं, मला शेफ व्हावयाचें आहे. शेफ म्हणजे मोठ्या हॉटेलाच्या मुदपाकखान्याचा मुख्य. वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा याला. लोकांकडे रांधावयाला का आम्हीं याला एवढा शिकविला?" मीं सांगितलें. भीमाला विराटाच्या घरीं बल्लव व्हावें लागलें आणि नळाला ऋतुपर्णाच्या चाकरींत राहावें लागलें, ते त्यांच्या पडत्या काळाचे दिवस होते, असा दाखलाहि मीं मोठ्या ऐटीनें दिला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. तो एका कचेरींत कारकुनीस लागला. वर्षभरानें मात्र कोणालाहि न विचारतां तो प्रवेश-परीक्षेस बसला, उत्तीर्ण झाला आणि एका सरकारी संस्थेंत दाखल झाला.

शिक्षण संपल्यावर तो भेटावयास आला, तेव्हां पेढ्यांबरोबर एक जाड वही त्यानें माझ्यापुढें ठेविली. "गुरुजी, एकदां वाचा," एवढेंच म्हणाला. तेलाचे डाग पडलेली, पानोपानीं हळदीचीं बोटें उमटलेली ती वही मीं तीन रात्रीं वाचली. आज मी जें सांगणार आहें, तें पुष्कळसें त्या वहींतून आणि नंतर त्याच्याशीं झालेल्या बोलण्यांतून मला समजलेलें आहे.

वहीच्या पहिल्या वीस पानांत एकहि पदार्थ नव्हता. नखें कापलेलीं असावीं, केंस टोपीखालीं असावे, आंगठी व घड्याळ काढलेलें असावें, हात कोपरापर्यंत कसे धुवावे, हें सर्व पहिल्या चार पानांत. नंतर सुरी. सुरीची नुसती मूठ धरावयाची नाहीं; पात्याचें मूळ आंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत धरावयाचें. दुसऱ्या हाताचीं बोटें आंत वळवून नखें लपवावयाचीं आणि पेरांच्या टेकूनें पातें सरकूं द्यावयाचें. आपली विळी याच्या अगदीं उलट. तेथें पातें स्थिर असतें आणि भाजी फिरते. विळीवर उभा जन्म काढलेल्या आजीस ही सुरी अवघड वाटेल, आणि सुरीच्या उस्तादास विळीची भीति वाटेल, असें त्यानें समासांत लिहिलें होतें. तें मला आवडलें.

सुरी हातांत बसली कीं मापें येतात. गाजराची ३ मिलिमीटर जाड आणि ५ ते ६ सेंटिमीटर लांब अशी काडी. तिला फ्रेंच नांव ज्यूलिएन. त्याच काड्या आडव्या कापल्या कीं ३ मिलिमीटरचे चौकोनी दाणे पडतात, ते ब्रुन्वाझ. पहिल्या आठवड्यांत शिक्षकांनीं त्याचे तुकडे फूटपट्टीनें मोजून परत पाठविले, असें त्यानें सांगितलें, तेव्हां मला तो निव्वळ छळ वाटला. कारण मात्र साधें होतें. एका भांड्यांतले तुकडे सारखे नसले, तर मोठा कच्चा राहतो तोंवर लहान्याचा लगदा होतो. घरीं आपण अशा भाजींतला कच्चा बटाटा निमूटपणें पानाच्या कडेला सारतों, कारण रांधणारी आपली आई किंवा पत्नी असते. पैसे मोजून बसलेला मनुष्य तसें करीत नाहीं. आणि तो एकटाहि नसतो. त्याच रात्रीं तोच पदार्थ आणखी ऐंशी माणसांनीं मागविलेला असतो, आणि ऐंशीव्या पानांतील घास पहिल्या पानांतील घासासारखाच लागावा लागतो. घरच्या उत्तम सुगरणीवर हा प्रसंग कधीं येत नाहीं. शाळेंत जें शिकवितात तें मुख्यतः हें: चव नव्हे, तर चवीचें सातत्य. चव बहुतेकांनीं घरून आणलेली असते.

हा धंदा शाळेंत शिकवावा ही कल्पना फार जुनी नाहीं. युरोपांतहि तो उस्तादाच्या हाताखालीं राबूनच शिकावा लागे. आधुनिक फ्रेंच पाकशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचें नांव घेतात, ते ऑगुस्त एस्कोफिए १८४६ सालीं जन्मले आणि तेराव्या वर्षीं नीस शहरांत एका आप्ताच्या भोजनगृहांत उमेदवारीस लागले. त्यांना शिल्पकार व्हावयाचें होतें, पण घरच्यांनीं तें होऊं दिलें नाहीं. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या बरोबर उलट. त्या काळचा मुदपाकखाना म्हणजे कोळशाची धग, धूर, शिवीगाळ आणि दारू. एस्कोफिए १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांत मुख्य झाले. त्यांनीं आपल्या हाताखालच्या माणसांची शिवीगाळ आणि दारू बंद केली; धगींत तहान भागावी म्हणून सातूचें पाणी ठेविलें, आणि सैन्यासारखी कामाची वांटणी केली. सॉस करणारा वेगळा, भाजणारा वेगळा, मासे पाहणारा वेगळा, भाज्या व अंडीं पाहणारा वेगळा, गोड पदार्थांचा वेगळा. सर्वांवर मुख्य शेफ आणि सर्वांच्या खालीं उमेदवार. पूर्वीं एका माणसानें एक पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत करावा, तोंवर गिऱ्हाइकानें वाट पाहावी. आतां तोच पदार्थ तीन माणसांच्या हातून एकाच वेळीं तयार होऊन थाळींत एकत्र येऊं लागला. १९०३ सालीं त्यांनीं आपला मोठा पाकग्रंथ प्रसिद्ध केला. आजहि मोठ्या हॉटेलांतून ही वांटणी थोड्याफार फरकानें चालू आहे.

शाळा मात्र निघाल्या त्या बायकांनीं काढलेल्या, ही गोष्ट मला विशेष वाटते. मार्थ दिस्तेल या बाईंनीं १८९५ सालीं पॅरिसमध्यें एक पाकविषयक नियतकालिक काढलें. त्याच्या नांवांत "कॉर्दों ब्ल्यू" म्हणजे निळी फीत हे शब्द होते. फ्रान्सच्या एका जुन्या सरदारी मंडळाची ती खूण. पुढच्याच वर्षीं जानेवारींत वाचकांसाठीं प्रत्यक्ष वर्ग सुरू झाले, आणि तीच पुढें जगप्रसिद्ध शाळा झाली. अमेरिकेंत १९४६ सालीं, महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या हातीं कांहीं धंदा यावा म्हणून न्यू हेवन गांवीं एक पाकसंस्था निघाली, ती फ्रान्सेस रॉथ व कॅथरिन एंजेल या दोघींच्या पुढाकारानें. ही संस्था १९७२ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील हाइड पार्क येथें गेली. आणि आपल्या मुंबईंत १९५४ सालीं, देशांत धान्याची टंचाई लोकांच्या ताज्या आठवणींत असतांना, लीलावती मुनशी यांच्या नेतृत्वाखालीं महिलांच्या अखिल भारतीय अन्न-परिषदेनें जी संस्था स्थापिली, ती आज दादरला वीर सावरकर मार्गावर उभी आहे. घरची चूल बायकांकडे, धंद्याची चूल पुरुषांकडे, आणि धंद्याची शाळा पुन्हां बायकांनीं काढलेली, असा हा प्रकार. मोठ्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत मुख्याच्या जागीं अजूनहि पुरुषच अधिक दिसतात. असें कां, याचें समाधानकारक उत्तर मला माझ्या विद्यार्थ्याकडूनहि मिळालें नाहीं.

पॅरिसच्या त्या शाळेंतील एक हकीकत शिक्षक या नात्यानें मला सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जूलिया चाइल्ड या अमेरिकन बाई १९४९ सालीं तेथें दाखल झाल्या. त्या वेळीं त्यांचें वय सदतीस. वर्गांतील सोबती म्हणजे युद्धावरून आलेले अमेरिकन सैनिक, आणि शिक्षक माक्स ब्युन्यार हे म्हातारे, अनुभवी शेफ. बाईंनीं मनापासून मेहनत केली, अवघड पदार्थ साधले, आणि शेवटच्या परीक्षेंत त्या नापास झाल्या! कारण, शाळेच्या लहानशा पुस्तिकेंतील साध्या पाककृति व त्यांचीं प्रमाणें त्यांनीं पाठ केलीं नव्हतीं. त्यांनीं रागानें तीं पाठ केलीं, पुन्हां परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाल्या. १९६१ सालीं दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर त्यांनीं लिहिलेल्या पुस्तकानें अमेरिकन घरांतला स्वयंपाक बदलला असें म्हणतात. पाढे पाठ न करणाऱ्या मुलांना ही गोष्ट मी आतां सांगतों. नोकरींत असतांना मला ती ठाऊक असती तर बरें झालें असतें.

आतां पुन्हां वहीकडे वळूं. सुरीनंतर येतें तें हाडांचें अगर भाज्यांचें सत्त्व उतरविलेलें पाणी; त्याला ते स्टॉक म्हणतात. कोंबडीचीं हाडें थंड पाण्यांतच घालावयाचीं, आणि पाणी हळूहळू तापवावयाचें, म्हणजे मळी गोठून वर येते व ती झाऱ्यानें काढतां येते. खळखळून उकळलें कीं मळी व चरबी पाण्यांत मिसळते आणि सारें गढूळ होतें. कोंबडीच्या हाडांस तीनचार तास लागतात, मोठ्या जनावराच्या हाडांस सहा ते आठ. माशांच्या कांट्यांस मात्र अर्धा तास पुरे, अधिक ठेवलें तर कडवटपणा येतो. बरोबर कांदा दोन भाग, गाजर एक भाग आणि सेलरी नांवाची भाजी एक भाग. हें वाचतांना मला आपल्या कटाच्या आमटीची आठवण झाली. पुरणाच्या डाळीचें पाणी आपण तरी कोठें फेंकतों? ज्यांत सत्त्व उतरलें तें पाणी हा पुढच्या पदार्थाचा पाया, हें आपल्या आज्यांनाहि ठाऊक होतें. फक्त त्याला तास आणि प्रमाण कोणीं लावलेलें नव्हतें.

स्टॉकवर सॉस उभे राहतात. फ्रेंच पद्धतींत मूळ सॉस पांच मानतात, आणि बाकीचे त्यांचीं मुलें-नातवंडें. दुधांत लोणी व मैदा शिजवून केलेला पांढरा सॉस हा एक मूळ; त्यांत किसलेलें चीज घातलें कीं नांव बदलतें. आपल्याकडील हॉटेलांतहि हीच युक्ति आहे. भोजनपत्रिकेवर पंचवीस भाज्यांचीं नांवें पाहून आपण चकित होतों; पण आंत कांद्याची एक, टोमॅटो-लोण्याची एक, काजूची पांढरी एक, अशा तीनचार रश्शांचीं पातेलीं सकाळींच तयार असतात, आणि रात्रीं त्यांच्याच जोडण्या होतात. ही फसवणूक नव्हे. त्याखेरीज वीस मिनिटांत पान वाढणें शक्य नाहीं.

अंड्याचा बलक आणि वितळलेलें लोणी घोटून एक नाजूक सॉस करतात, त्यावर त्यानें सहा पानें खर्च केलीं होतीं, कारण त्याच्या हातून तो तीन वेळां फुटला होता. आंच अधिक झाली तर बलक गोठतो. लोणी घाईनें ओतलें तर तें बलकांत न मिसळतां वेगळें होतें. शिक्षकांनीं तो फेंकूं दिला नाहीं. स्वच्छ भांड्यांत नवा बलक व चमचाभर पाणी घेऊन, फुटलेला सॉस त्यांत थेंबाथेंबानें घोटावयास लावला. आणि तो पुन्हां जुळला. पदार्थ बिघडला कां, आणि बिघडलेला सांवरावा कसा, हें घरीं फारसें कोणी शिकवीत नाहीं. आपले पुष्कळसे जुने आचारीहि तें जाणतात, पण बोलत नाहींत; मसाल्याची पूड कागदांत बांधून कनवटीला ठेवणारे आचारी मीं स्वतः पाहिले आहेत. शाळेचा मोठा फायदा हा कीं, तेथें "कां" असें विचारतां येतें. एस्कोफिए शाळेंत न जातां एवढे मोठे झाले, हें खरें. आजहि हाताखालीं राबून वर आलेले उत्तम शेफ आहेत. पण त्यांना जें पंधरा वर्षांत उमगलें, त्याचें कारण यांना तीन वर्षांत सांगितलें जातें.

वहींतील ज्या भागानें मी खरोखर गंभीर झालों, तो अन्नाच्या निर्धोकपणाचा. ५ अंशांपासून ६० अंश सेल्सियसपर्यंतच्या उष्णतेंत रोगजंतु झपाट्यानें वाढतात. म्हणून शिजलेलें अन्न एक तर ६० अंशांच्या वर गरम ठेवावें, नाहीं तर ५ अंशांच्या खालीं थंड करावें. आणि थंड करावयाचें तेंहि वेळ लावून नव्हे: पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत, पुढील चार तासांत ५ अंशांपर्यंत. मोठें पातेलें तसेंच ठेवलें तर कडेचें अन्न निवतें व मधलें रात्रभर कोमट राहतें. म्हणून तें उथळ ताटांत पसरावें. भाताच्या बाबतींत तर कांहीं जंतूंचीं बीजें उकळत्या पाण्यांतहि मरत नाहींत, आणि भात कोमट राहिला कीं तीं पुन्हां जागीं होतात. कच्च्या मांसाची फळी तांबडी, भाजीची हिरवी, माशाची निळी. एकीवरची सुरी दुसरीवर न्यावयाची नाहीं. लग्नघरीं जेवणांतून विषबाधा झाल्याची बातमी आपण दर उन्हाळ्यांत वाचतों आणि दुधाला किंवा दैवाला दोष देतों. ती बातमी आली कीं मला आतां तें मांडवामागें झांकून ठेविलेलें मोठें पातेलें दिसूं लागतें.

आणि शेवटीं हिशेब. येथें मी खरा वरमलों. शेंगांसकट १० किलो मटार ६० रुपये भावानें आणला. दाणे निघाले ४ किलो. तेव्हां दाण्यांचा खरा भाव ६० नव्हे, १५० रुपये. एका पानांत ८० ग्रॅम दाणे, म्हणजे १२ रुपये. शंभर पानांस ८ किलो दाणे, म्हणजे २० किलो शेंगा. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शांत बसला पाहिजे, असा धंद्याचा आडाखा. त्यावरून पदार्थाची किंमत ठरवावयाची. पानेंच्या पानें अशीं उदाहरणें त्यानें बिनचूक सोडविलीं होतीं. चार वर्षें खडू झिजवून मला जें त्रैराशिक त्याच्या गळीं उतरवितां आलें नाहीं, तें मटारच्या शेंगांनीं उतरविलें होतें.

पालकांनीं याची दुसरी बाजूहि जाणून घ्यावी. या सरकारी संस्थांचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम केवळ स्वयंपाकाचा नसतो. वाढप, खोल्यांची व्यवस्था, स्वागतकक्ष, हिशेब असे विषय सर्वांनाच असतात, आणि मधले कांहीं महिने प्रत्यक्ष हॉटेलांत काम करावें लागतें. पुष्कळ मुलें तेथेंच ठरवितात कीं, आपलें काम चुलीपाशीं नव्हे. पदवी मिळाली तरी मुदपाकखान्यांत पहिल्या दिवशीं तो सर्वांत खालचा मदतनीस असतो. कांदे सोलणें, फ्रिज घासणें हीं कामें त्याचींच. दहाबारा तास उभें राहावें लागतें. हातांवर भाजल्याचे डाग कायमचे राहतात. दिवाळी, गणपती, वर्षाची अखेर, म्हणजे घरचे सगळे एकत्र जमतात तेव्हांच, याला रजा नसते. शाकाहारी घरांतील मुलांस मांस-मासे हाताळावे लागतात, या प्रश्नावर घरांतून रडारड झालेली मीं ऐकली आहे. कांहीं संस्थांनीं शाकाहारी पर्याय ठेविला आहे, पण तो सर्वत्र नाहीं. तेव्हां प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं तेथें चौकशी करावी, आणि शक्य असल्यास मुलास एखाद्या ओळखीच्या भोजनगृहांत सुटीचा एक महिना कामास ठेवावें. ज्याला तिसऱ्या आठवड्यांतहि तेथें जावेंसें वाटेल, त्याला अडवूं नये.

माझ्या विद्यार्थ्याचे वडील आतां नातलगांना "मुलगा हॉटेलांत आहे" असें सांगतात. हॉटेलांत कोठें, हें अजून सांगत नाहींत.

गेल्या दिवाळीनंतर आठवड्यानें तो घरीं आला. माझ्या पत्नीच्या हातचें पिठलें त्याला लहानपणापासून आवडतें. ती करावयास लागली तेव्हां तो स्वयंपाकघराच्या दारांत उभा राहिला आणि विचारूं लागला, "काकू, पीठ किती घेतां?" ती म्हणाली, "अरे, अंदाजानें. मूठभर." त्यानें पिशवींतून लहानसा काटा काढला आणि तिला तीन वेळां मूठ भरून त्यावर टाकावयास सांगितली. पहिली ४३ ग्रॅम भरली, दुसरी ४४, तिसरी पुन्हां ४३. तो बराच वेळ त्या आंकड्यांकडे पाहत राहिला. मग त्यानें वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलें: काकूंची मूठ, ४३ ग्रॅम.